मासळीच्या पेटीतली हिमनदी

आमच्या गावातून गंगोत्रीला गेलेला मी काही पहिला माणूस नाही. पण देव बघायला नव्हे, हिमनदी बघायला गेलेला पहिला मीच; आणि तेही मासळी विकणाऱ्या आत्याला सोबत घेऊन. परत आल्यावर आमचे भूगोलाचे कुलथे सर म्हणाले, "जितेंद्र, कॉलेजच्या अंकाला अहवाल नको देऊस. जे झालं ते सरळ लिही." मी विचारलं, "सगळं?" सर म्हणाले, "हो, पेटीचंसुद्धा." म्हणून लिहितो.

निघण्याआधी

भिवंडीजवळच्या खारबाव स्टेशनावर उतरून खाडीच्या दिशेला चालत गेलं की आमचं गाव लागतं. शेतं खाडीला चिकटून आहेत. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधाच्या आत भात, बाहेर खारं पाणी. भरतीच्या वेळी बाहेरचं पाणी आतल्या शेतापेक्षा उंच असतं. कॉलेजात हे सांगितलं तेव्हा मुलांना खोटं वाटलं, आणि खरं म्हणजे बांधावर उभं राहून बघितलं की मलाही खोटंच वाटतं.

बांधाला एक दगडी दार आहे. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला तिथून शेतातलं पाणी बाहेर जातं आणि भरतीला दार मिटतं. या बांधाची डागडुजी सरकार करत नाही, गाव करतं. पावसाच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन जातो, अशी पद्धत. पण पूर्णा गावाकडची गोडाऊनं जशी आमच्या बाजूला सरकू लागली, तशी माणसं बांधावर येईनाशी झाली. ज्याला जमीन विकायचीच आहे तो चिखलात कशाला उतरेल? आणि गेल्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे दोन हजार पाचच्या त्या पुरात, खारं पाणी बांधावरून आत आलं. पाणी ओसरल्यावर आमच्या शेतात मिठाचा पांढरा पापुद्रा राहिला. बाबा त्याच्यावरून अनवाणी चालत होते, आणि पापुद्रा पापडासारखा मोडत होता.

बाबांचं म्हणणं, बांध सगळीकडून वीतभर उचलायला हवा. एका घराचं हे काम नाही. एकट्याने आपल्यापुरता उचलला तर पाणी शेजारून येतं. गावात ज्यांचा शब्द चालतो ते बळीरामशेठ म्हणायचे, "तो पाऊस व्हता रे. खाडी तीच हाय. माझ्या आज्याच्या टायमाला व्हती तवडीच हाय." बाबांनी घरी सांगून ठेवलं होतं की या पावसाळ्यातही खारं पाणी आत आलं तर शेताचा नाद सोडायचा आणि गोडाऊनवाल्याला हो म्हणायचं. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घमेल्याकडे बघत होते.

अशात मी घरी भूगोलाच्या सहलीचा विषय काढला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर काही मुलांना गोमुखला नेणार होते, वितळणारी हिमनदी दाखवायला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेज काय काय मागू शकतं याचा कोणालाच अंदाज नव्हता. बाबांनी ऐकून घेतलं.

"बर्फ वितललं तर समुद्र वर येतो, असं हाय पुस्तकात?"

"हो."

"मंग जा. डोल्यांनी बगून ये. आनि आल्यावर गावासमोर उभं राहून सांग."

हिमालयाची भीती मला तेव्हा वाटली नाही. गावासमोर उभं राहण्याची वाटली. वर्गात मी 'हजर' इतकं हळू म्हणतो की पहिल्या वर्षी सरांनी माझी दोनदा गैरहजेरी मांडली होती आणि ते चूक आहे हे सांगायलाही मी उठलो नव्हतो.

बाबांची धाकटी बहीण, माझी चांगुणाआत्या, भिवंडीच्या बाजारात मासळी विकते. पोरगा एकटा डोंगरात जाणार हे ऐकून ती म्हणाली, "एकटा कशाला? मी हाय ना. गंगा पन व्हईल." सरांना वाटलं, बाई आहेत, स्वयंपाकाला मदत होईल. सर पेटी बघण्याआधी हो म्हणाले.

पेटी म्हणजे थर्माकोलची मासळीची पेटी. आत्या रोज पहाटे बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घेते, भुश्यात आणि बारदानात गुंडाळते आणि त्या पेटीतून बाजारात नेते.

"बर्फ वितलतंय म्हून तोंडानं सांगशील नि बळीराम ऐकंल?" ती म्हणाली. "तितला बर्फच आनू. समोर ठेवू."

"आत्या, तीन-चार दिवसांचा प्रवास आहे."

"पोरा, मी बर्फात जलम घालवला."

तिने पेटी लिंबाने घासली, चिंचेने घासली, मग गोमूत्र शिंपडलं आणि तळाला तुळशीची पानं ठेवली. पेटीला आता लिंबू, चिंच, गोमूत्र, तुळस आणि बोंबील असा वास येऊ लागला. भुसा भरला. शेवटी जाड्या मिठाची पिशवी ठेवली. आमच्या वाडवडिलांनी मिठागरं केली. आमच्याकडे मिठावरचा विश्वास देवाच्या खालोखाल असतो. ती म्हणाली, "मिठाशिवाय काय टिकतं?" मला त्या वेळी त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही.

हरिद्वार

गाडीतला प्रवास सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्या डब्यात गर्दी असूनही आमच्या बाकाजवळ जागा असायची.

हरिद्वारला पहिल्यांदा गंगा बघितली. भिवंडीत आमची कामवारी नदी आहे. तिचा रंग त्या दिवशी कारखान्यात कुठलं कापड रंगवलं त्यावर ठरतो. इथे मात्र पाणी धावत होतं, आणि थंड इतकं की पाय घातला तर पाय आपला राहत नव्हता. मी सरांना विचारलं, "सर, मे महिन्यात आपल्याकडे नद्या आटतात, मग हिला एवढं पाणी कुठून?" सर म्हणाले, "हेच बघायला आलोय आपण. वरचा बर्फ वितळून येतोय. आज भरपूर दिसतंय ना? बर्फ जास्त वितळला की आधी पाणी वाढतंच. लोकांना बरं वाटतं. पुढे बर्फच कमी झाला की उन्हाळ्यात काय यायचं, हा प्रश्न कोणी आज विचारत नाही."

आत्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. घाटाच्या पायरीखाली हाताएवढे, काही मांडीएवढे मासे फिरत होते आणि लोक त्यांना कणकेच्या गोळ्या खायला घालत होते. मासे लोकांच्या हातापाशी येऊन तोंड वासत होते. कोणी पकडत नव्हतं. आत्याने हे आयुष्यात बघितलं नव्हतं. तिने हात जोडले होते, पण डोळे वजन करत होते.

"काय भावानं जाईल गं आत्या?" माझा एक वर्गमित्र चावटपणे म्हणाला.

"गप रे, पाप लागंल," ती म्हणाली. थोड्या वेळाने हळूच मला म्हणाली, "त्यो मधला काला मासा बगितलास? लग्नाघरी एकटा पुरला असता."

जेवायला पुरी आणि बटाट्याची भाजी. दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी आणि पुरी. आत्याने ताटाकडे बघून विचारलं, "ही मानसं डोंगर चढतात कशावर?"

गंगोत्री

बसच्या कंडक्टरने पेटी टपावर टाकायला लावली. आत्या भिवंडीच्या बाजारात राहून हिंदी शिकलेली. तिची हिंदी कोणाला घाबरत नाही. "भैया, उलटा मत रखो, उसका तोंड उपर रखने का." दरीच्या कडेने बस वळायची तेव्हा आम्ही मुलं डोळे मिटायचो आणि ती खिडकीतून मान काढून टपाकडे बघायची.

गंगोत्रीला पोचलो तेव्हा अशी थंडी होती की मी तीन शर्ट एकावर एक घातले आणि वर बाबांची कानटोपी. धर्मशाळेचे व्यवस्थापक फार सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा दिला, खोली दाखवली, आणि मग पेटीजवळ येऊन थांबले. नाक थोडं वर केलं.

"माताजी, इसमें क्या लाई हो?"

"कुछ नै. खाली है. बर्फ लेके जाने का है."

"पहले क्या रखती थीं?"

मी सरांकडे बघितलं, सरांनी डोंगराकडे बघितलं. आत्या पदर सावरत म्हणाली, "पहले भी बर्फ ही रखती थी." हे खरंच होतं. बर्फाखाली काय असायचं ते त्यांनी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "जी, बाहर रख दीजिए." पेटी रात्रभर बाहेर राहिली, आणि सकाळी तिच्याशेजारी एक कुत्रा झोपलेला होता.

पहाडातला कुत्रा म्हणजे आमच्या गावच्या कुत्र्याच्या दुप्पट. काळा, केसाळ, वासराएवढा. लिंबू, चिंच, गोमूत्र यातलं काहीही त्याला फसवू शकलं नव्हतं. आत्याने त्याला हाड हाड केलं. त्याला मराठी येत नव्हती. आम्ही गोमुखाच्या वाटेला लागलो, पेटी खेचरावर चढवली, तसा तो खेचराच्या मागे चालू लागला. वाटेत भेटलेले एक साधूबाबा थांबले आणि म्हणाले, धर्मराजाच्या मागेसुद्धा असाच कुत्रा गेला होता, तुम्ही पुण्यवान आहात. आत्याने नमस्कार केला. तिने त्यांना पेटीचं सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

भोजबासा

या वाटेवर श्वास लागतो. दहा पावलं चाललं की छातीत भिवंडीतला कापडाचा लूम सुरू झाल्यासारखं वाटतं. आत्या मात्र डोक्यावर पाटी घेऊन आयुष्यभर चाललेली. ती पुढे जाऊन आमची वाट बघत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना "जितू माझा भाचा, कालेजात हाय" असं सांगायची. मी पोचायचो तेव्हा लोक माझ्याकडे आदराने बघत असायचे आणि मला बोलता येत नसायचं.

भोजबासा म्हणजे भूर्ज झाडांचा मुक्काम. झाडं आता थोडीच उरली आहेत. पूर्वी यात्रेकरूंच्या चुलीत गेली असं सांगतात. तिथल्या आश्रमात पत्र्याच्या छपराखाली पंगत बसली. खिचडी मिळाली, आणि ती इतकी गरम होती की आत्याने पहिल्यांदा मासळीची आठवण काढली नाही.

जेवणानंतर सरांनी शिकवायला घेतलं. भिवंडीत सर खडूने शिकवतात. इथे त्यांनी स्टीलचे दोन पेले घेतले. एकात पाण्यावर बर्फाचा तुकडा तरंगत ठेवला आणि वर काठोकाठ पाणी घातलं. दुसरा पेला नुसत्या पाण्याने काठोकाठ भरला, आणि त्याच्यावर चहाची गाळणी ठेवून तिच्यात बर्फ ठेवला. मग चुलीजवळ ठेवून आम्हाला बघायला सांगितलं. पहिल्या पेल्यातला बर्फ वितळला, पाणी सांडलं नाही. दुसऱ्यातला वितळला तसं पाणी काठावरून खाली आलं.

"समुद्रात आधीच तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्र फारसा वाढत नाही," सर म्हणाले. "पण जमिनीवरचा बर्फ, म्हणजे हा वरचा, आणि जगाच्या दोन टोकांना जमिनीवर साठलाय तो, वितळून खाली आला की पाणी वाढतं. शिवाय पाणी गरम झालं की फुगतं, त्यानेही समुद्र चढतो."

"पन वितलतंय कशानं?" आत्याने विचारलं. ती पंगतीच्या टोकाला बसून ऐकत होती.

सरांनी सांगितलं की हिमनदी म्हणजे गळकं मडकं समजा. वर बर्फ पडतो, खालून पाणी गळतं. पूर्वी भरणं आणि गळणं बरोबरीत होतं. आता गळणं वाढलं. कारण आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो, त्याचा धूर हवेत राहून पृथ्वीला गोधडीसारखी ऊब देतो. काजळी इथवर उडत येते, पांढऱ्या बर्फावर बसते, आणि काळं ते जास्त तापतं.

"म्हंजे भिवंडीतल्या, सुताला खल लावतात त्या सायझिंगच्या धुराड्यांनी?"

"एकट्या भिवंडीने नाही हो. सगळ्या जगाच्या धुराड्यांनी. पण त्यात आपली भिवंडीही आली."

आत्या विचारात पडली. "आनि भुसा टाकून झाकला तर? आख्खा?"

सर हसले नाहीत. ते म्हणाले, उद्या बघा, डोंगराने तो प्रयोग आधीच केलाय.

गोमुख

मी कॅलेंडरवर हिमालय बघितला होता. पांढराशुभ्र. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सर थांबून म्हणाले, "ही हिमनदी," तेव्हा मी तिच्या मागे बघू लागलो. समोर तर मातीचा, दगडांचा, धुळीचा ढिगारा होता. आमच्याकडे पूर्णा गावाजवळ गोडाऊनसाठी डोंगर फोडलाय, अगदी तसा.

"बर्फ कुठाय?" आत्याने विचारलं.

"याच्या खाली. वरचे दगड तुमच्या भुश्यासारखे. जिथे थर जाड, तिथे खालचा बर्फ टिकतो. जिथे नुसती काजळी आणि पातळ धूळ, तिथे लवकर वितळतो."

"बगा!" आत्या आम्हा मुलांना म्हणाली, जणू हिमालयाने तिचा सल्ला घेतला होता.

पुढे गेल्यावर खरं तोंड दिसलं. राखाडी-निळी बर्फाची भिंत, खाली काळी गुहा, आणि गुहेतून गंगा अशी बाहेर पडत होती की जणू आत कोणीतरी उघाडी मोडली आहे. मधूनच फटाका फुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि वरून बर्फाचा मोठा तुकडा पाण्यात पडायचा. खेचरवाल्याने आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही. कुत्राही लांबच थांबला. त्याला अक्कल होती.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो एक दगड. वाटेवर काही दगडांवर रंगाने सालं लिहिलेली होती. त्या त्या साली बर्फाचं तोंड तिथे होतं. एका दगडावर बाबांच्या जन्माच्या आसपासचं साल होतं. आत्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. ती दगडाला टेकून उभी राहिली आणि लांब बर्फाच्या भिंतीकडे बघू लागली.

"म्हंजे दादा पालन्यात व्हता तवा बर्फ हितं व्हता?"

"हो."

"आनि आता तितं. आपल्या घरापासून पार उघाडीच्या पलीकडं गेल्यासारखं." तिने पदराने दगडावरची धूळ पुसली. "बळीराम म्हनतो सगलं आज्याच्या टायमासारखंच हाय."

मग तिने कामाला सुरुवात केली. काठाला वाहून आलेला बर्फाचा एक स्वच्छ तुकडा, साधारण मोठ्या भोपळ्याएवढा, आम्ही उचलला. आत्याने त्याला नमस्कार केला, बारदानात गुंडाळला, भुसा दाबला. मग मिठाची पिशवी फोडली आणि वर, खाली, चारी बाजूंनी पसाभर पसाभर मीठ घातलं.

त्या क्षणी मला शाळेतला विज्ञानाचा धडा आठवला. मीठ घातलं की बर्फ लवकर वितळतो. आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्येसुद्धा म्हणूनच मीठ टाकतात.

"आत्या, मीठ..."

"काय मीठ?"

"काही नाही... म्हणजे पुस्तकात असं आहे..."

"रोज सकाली बर्फावर मीठ मीच टाकते ना? दुपारपर्यंत मासली ताजी राहते का न्हाय?"

"राहते."

"मंग?"

मासळी ताजी राहते, बर्फ राहत नाही, हे उत्तर मला सुचलं खरं, पण उत्तरकाशीला पोचल्यावर.

परतीच्या वाटेवर

बसच्या टपावरून पाण्याची धार खिडकीवर येऊ लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं पाऊस आला. आत्याने ओळखलं. तिने बस थांबवली, पेटी मांडीवर घेतली आणि गळणारं पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये धरायला सुरुवात केली. हरिद्वारला पेटी उघडली तेव्हा भुश्यात हात घालून ती खूप वेळ चाचपत राहिली. मग तिने हात बाहेर काढला. त्यात फक्त तुळशीचं एक पान होतं.

उरलेलं पाणी तिने पदरातून गाळून कॅनमध्ये भरलं. मी तेव्हा मिठाचं सांगितलं. सांगायला नको होतं. ती कल्याण येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, आणि तेही खिडकीला: "एवडी वर्सं बर्फ आनते. माज्या हातातला बर्फ कदी असा गेला न्हाय."

कुत्रा गंगोत्रीच्या बसस्टँडपासून आमच्या बसमागे बराच पळाला होता. मला तोही आठवत होता.

गावदेवीचं देऊळ

आलो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी गाव देवळात जमलं. पावसाला थोडेच दिवस उरले होते. बांधाचं जे काय करायचं ते आता ठरणार होतं. बाबा खांबाला टेकून खाली बघत बसले होते. बळीरामशेठ पुढे, पांढऱ्या कपड्यांत.

मी उभा राहिलो. बर्फाच्या भिंतीचं सांगितलं, दगडावरच्या सालाचं सांगितलं, दोन पेल्यांचं सांगितलं, काजळीचं सांगितलं. आवाज कापत होता, पण लोक ऐकत होते. मग बळीरामशेठनी विचारलं, "जितू, गंगा जाते कुटं?"

"बंगालच्या उपसागरात."

"म्हंजे तिकडं. आपल्या खाडीत न्हाय?"

"थेट नाही. पण समुद्र सगळे एकमेकांना जोडलेले..."

"बरं, या साली खाडी किती वर येनार? समुद्रामुलं?"

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. पण सरांनी आम्हाला बजावलं होतं की माहीत आहे तेवढंच सांगायचं. "या एका वर्षात... बोटभरही नाही. पण दर वर्षी थोडं थोडं. आणि इकडे भराव पडलेत, खाडीत गाळ साचलाय, पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून उधाणाला..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. 'बोटभरही नाही' यावर देऊळ हसत होतं. "बोटभर पान्यासाठी एवडा हिमालय चढून आला रे!" कोणीतरी ओरडलं. बाबांनी मान वर केली नाही. मी खाली बसलो. मला वाटलं, आमचं शेत मी माझ्या हाताने गोडाऊनवाल्याला दिलं.

तेवढ्यात आत्या उठली. हातात कॅन आणि देवळातली पळी.

"भाषन झालं ना? आता तीर्थ घ्या. गोमुखाचं हाय."

गंगेला नाही कोण म्हणणार? हसणं थांबलं, हात पुढे आले. पहिला मान बळीरामशेठचा. त्यांनी तीर्थ घेतलं, डोळे मिटले, आणि उघडले.

"चांगू, हे खारट हाय!"

"व्हय. तितून निगालं तवा गोडं व्हतं. आपल्याकडं येस्तवर खारट झालं." ती पळी फिरवत पुढे पुढे जात होती, एकही हात सोडत नव्हती. "पोरगा तासभर तेच सांगत व्हता. वरचा गोडा बर्फ खाली आला का खारा व्हतो नि बांधावर चढतो. तुमाला कानानं कललं न्हाय. आता जिभेनं कललं?"

शेवटचा हात ओला झाल्यावर ती मागे वळली.

"आता गंगा पोटात हाय सगल्यांच्या. बोला, घरटी एक मानूस बांधाला येनार का न्हाय? गंगा पिऊन काय बोलायचं ते बोला."

लोक एकमेकांकडे बघत होते. आणि मला राहवलं नाही. हे बरोबर नव्हतं. मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी कापत नव्हतो.

"शेठ, पाणी समुद्रामुळे खारट नाही झालेलं. आत्याने पेटीत मीठ टाकलं होतं. जाडं मीठ. बर्फ टिकावा म्हणून."

देऊळ असं हसलं की घंटेखाली बसलेल्या म्हाताऱ्यालाही जाग आली. बळीरामशेठ हसता हसता उठले. "सुटलो! पोरगा खरा निघाला. चांगू, तुजी गंगा खोटी."

"गंगा खरीच हाय," आत्या शांतपणे म्हणाली. "वर मीठ पन माजं हाय. म्हंजे गंगा पन प्यालास नि माजं मीठ पन खाल्लंस. आदी एकच शपथ व्हती. आता दोन झाल्या."

बळीरामशेठ उभ्या उभ्या थांबले. त्यांनी आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खांबाशी बसलेल्या बाबांकडे बघितलं. चपला पायात सरकवत म्हणाले, "माज्याकडनं दोगं येतील. एक गंगेचा, एक मिठाचा."

बांध

माणसं आली. सगळी नाही, पण बरीच. काही जण मला "काय रे बोटभर!" अशी हाक मारत होते आणि अजूनही मारतात. बळीरामशेठनी एक माणूस पाठवला आणि दुसरे ते स्वतः आले. चिखलात उतरले नाहीत, पण काठावर उभं राहून सगळ्यांच्या चुका काढल्या. पहिल्या पावसाआधी बांध वीतभर वर आला. ओल्या मातीची ती नवी पट्टी लांबून वेगळी दिसायची, जुन्या धोतराला नवा काठ लावल्यासारखी.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला मी, बाबा आणि आत्या उघाडीजवळ उभे होतो. पाणी चढत चढत जुन्या बांधाच्या माथ्याला आलं. तिथे थांबलं नाही. नव्या मातीला लागलं, आणखी थोडं चढलं, आणि मग थबकलं. आत भात हिरवं होतं. बाबांनी वाकून बांधाच्या आतल्या बाजूचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, आणि थुंकलं नाही, गिळलं.

मग ते आत्याला म्हणाले, "चांगू, पुढं कदी आनखी वीतभर लागंल. जाशील का परत गंगेला?"

"जाईन की. बर्फानं मातर माज्यासाठी थांबलं पायजे."

पाणी उतरू लागलं तशी उघाडीच्या दगडी भिंतीवर ओली रेघ दिसू लागली. आत्या तिच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "जितू, तितल्या दगडावर लिवलं व्हतं ना, तसं हितं लिव."

होडीला लावायचा लाल रंग घरात उरला होता. मी तो आणि जुना ब्रश घेऊन आलो. रेघेवर बोट ठेवून लिहायला सुरुवात केली: २००६. माझं अक्षर तसं लहान आहे.

"मोटं काड," आत्या मागून म्हणाली. "बळीरामला चश्म्याबिगर दिसलं पायजे."